अमेरिकेत असून अमेरिकेत नसलेल्या चार रायफली

शॉमबर्ग, इलिनॉय
१२ नोव्हेंबर १९८९

तीर्थस्वरूप त्र्यंबकमामा,

दोन्ही हातांना ग्रीस लागलेलं असल्यामुळे नमस्कार कोपरांनी करतो आहे, तो दंडवत समजून स्वीकारावा. (ग्रीस तुमच्याच कारखान्याचं आहे, निदान मला तसं वाटतं. ते माझ्या हाताला कसं लागलं हे पुढे येईल.) तुमचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला का? पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत असं तुम्ही लिहिलं होतंत, पण गेली चार वर्षं तो पिकतोच आहे, तेव्हा एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा असं आपलं माझं मत. सुलभामामीचे गुडघे काय म्हणतात? तिची भाजणी पोचली, चकल्या झाल्या, संपल्या, आणि भाजणीच्या डब्यात तळाशी पुरलेली तुमची वस्तूही सुखरूप पोचली. आमच्याकडे सगळं ठीक. दीपा पाचवीत गेली. पद्मजा कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण तिची तब्येत उत्तम आहे.

तुमचं जूनमधलं पत्र मी आजवर नऊ वेळा वाचलं. काम मला नीट कळलं आहे की नाही याची अजूनही खात्री नाही, म्हणून कळलं तसं पुन्हा लिहितो. चुकत असेन तर थांबवा (पत्रात कसं थांबवणार हा प्रश्न आहे, पण तुम्ही काहीही करू शकता). १९६६ साली सरावाच्या वेळी आपल्या कारखान्याच्या एका रायफलीची बॉडी तडकली आणि एका जवानाच्या गालाला सात टाके पडले. बॉडीवर तपासनिसाचा ठसा होता सत्तेचाळीस नंबरचा, म्हणजे तुमचा. चौकशी समिती म्हणाली की पिनेचं भोक प्रमाणापेक्षा घट्ट होतं, त्यात पिन ठोकून बसवल्यामुळे पोलादावर ताण आला, आणि तपासनिसाने हे बघायला हवं होतं. तुम्ही म्हणालात की मी बघितलं होतं, गेज (म्हणजे भोक प्रमाणात असेल तरच आत जाणारी ती पोलादी मापदांडी) आत गेलं होतं. पण ते गेज काही तुम्ही समितीपुढे ठेवू शकला नाहीत, कारण नेमकं त्या आठवड्यात ते घरी होतं, आणि सरकारी गेज घरी नेल्याचं कबूल करणं म्हणजे दुसरा गुन्हा. तेव्हा हरवलं असं लिहून दिलंत. मग तुम्हाला तपासणीच्या टेबलावरून उचलून भांडारात बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथे झाडू आणि फिनेल मोजलंत. गेज आत गेलं होतं, हे तुम्ही तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलात. माझ्या लग्नात पद्मजाच्या वडिलांना सांगितलंत, आणि ते बिचारे हे हुंड्याबद्दल काहीतरी चाललं आहे असं समजून घाबरले होते.

आता कारखान्यातल्या जगन्नाथरावांकडून तुम्हाला कळलं की त्याच खेपेच्या रायफली आपल्या सरकारने कुठल्याशा मित्रदेशाला दिल्या, त्याने कुणा दलालाला विकल्या, आणि दलालाने अमेरिकेला. तेव्हा मी त्यांतल्या एखाद-दोन शोधाव्यात, तुमचं गेज त्यांच्या भोकात घालून बघावं, आणि ते आत गेलं असा सही-शिक्क्याचा कागद पाठवावा, म्हणजे तुम्ही तो अर्जाला जोडून दिल्लीला पाठवाल आणि तुमच्या नावापुढची लाल शाई निघेल. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की एवढं झालं की मी मोकळा. मामा, असं लिहू नका. एकाहत्तर हे काही मोकळं व्हायचं वय नाही.

तर इथल्या कायद्याबद्दल. मी इंजिनिअर माणूस, मला वाटलं दोन शनिवारांत समजून घेईन. पाच महिने झाले. आतापर्यंत मला कळलं ते असं, की तुमची रायफल मार्चपर्यंत या देशात आणता येत होती. मार्चमध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्या लष्करी घाटाच्या रायफली तात्पुरत्या अडवल्या आणि जुलैत कायमच्या अडवल्या. का, तर त्या खेळासाठी नाहीत म्हणून. (हरिण मारणं हा खेळ. हरिणाला कुणी विचारलेलं नाही.) रायफल खेळासाठी आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून ठरतं. संगीन अडकवायला जागा आहे का, मूठ पिस्तुलासारखी खाली उतरली आहे का, दस्ता दुमडतो का, नळीच्या तोंडाला ज्वाळा झाकणारं टोपण आहे का. हे सगळं असेल तर ती लढाऊ. हे काढून टाकलं आणि दस्त्याला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं, तर तीच रायफल, तीच गोळी, खिलाडू ठरेल असं माझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो ठरणार नाही. आणि तिसरा म्हणतो ते पुढच्या वर्षी कळेल. बरं, जी मार्चच्या आधी आत आली तिला कुणी काही विचारत नाही, आणि जी इथेच जन्मली तिलाही नाही. म्हणजे बंदी रायफलीला नाही, तिच्या प्रवासाला आहे, असा मी अर्थ लावला. तो मी एका वकिलाला बोलून दाखवला तर तो म्हणाला, तसं नाही, पण तसंच आहे.

याहून मोठा घोळ पुढे आहे. रायफल म्हणजे काय असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल नळी, बोल्ट, घोडा, दस्ता. इथल्या कायद्याने यातलं काहीच बंदूक नाही. नळी टपालाने येते. घोडा टपालाने येतो, मुलांच्या बुटांबरोबर येतो. बंदूक म्हणजे फक्त मधली पोलादी पेटी, जिच्यावर नंबर असतो, जिला तुम्ही बॉडी म्हणता आणि हे रिसीव्हर म्हणतात. ती नुसती टेबलावर ठेवली, तिच्यातून फुटाणासुद्धा उडणार नाही, तरी कायद्याने ती अख्खी बंदूक; आणि तिच्याशिवाय बाकीचं सगळं जोडून ठेवलं तरी तो लोखंडाचा ढीग. म्हणून आता व्यापारी काय करतात, की रायफली बंदरात किंवा सरकारी देखरेखीच्या गोदामात अडकल्या असतील तर तिथेच गॅसने बॉडी कापून तिचे तीन तुकडे करतात. बंदूक मेली. उरलेले अवयव सुट्या भागांचा संच म्हणून राजरोस देशात येतात. आणि मामा, तुमचं भोक नेमकं बॉडीत. अखंड बॉडी देशात येणार नाही, आणि देशात येईल त्या बॉडीत भोक राहणार नाही. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

(मधल्या काळात मी इलिनॉय राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्रही काढून ठेवलं. त्यावर माझा फोटो आहे. माझ्याकडे बंदूक नाही, पण धारक मी आहे. ते लागलं कुठेच नाही. पण आपल्याकडे एखादं ओळखपत्र जास्त असलेलं बरं, ही तुमचीच शिकवण.)

मग ऑफिसातल्या त्या पहिल्या माणसाने मला नुसत्या बंदुकांच्या जाहिरातींचं एक वर्तमानपत्र आणून दिलं. त्यातून मला मिसेस कोवाल्स्की सापडल्या. सत्तरीच्या बाई, नवरा वारल्यावर त्याचा हा धंदा इंडियानातल्या एका धान्याच्या कोठारातून चालवतात. मी त्यांना तुम्ही कळवलेले नंबर सांगायचो आणि त्या भिंग घेऊन याद्या वाचायच्या. तिसऱ्या फोनला त्यांनी विचारलं की बाबा, तुला हेच नंबर कशाला हवेत. मी सगळी हकीकत सांगितली. तुम्ही सांगता तशीच सांगितली, म्हणजे पाऊण तास लागला. मग त्या म्हणाल्या, "हनी, दे ब्लेम्ड माय हजबंड फॉर अ बॉयलर वन्स. ही नेव्हर स्टॉप्ड टॉकिंग अबाउट इट." दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. तुमच्या खेपेतल्या चार रायफली त्यांच्याच मालात आहेत आणि तो माल मार्चपासून आमच्या शेजारच्या एल्क ग्रोव्हमध्ये, विमानतळाजवळच्या गोदामात पडून आहे. कापणारा माणूस एकोणीस ऑक्टोबरला येणार. त्याच्या आत काय करायचं ते कर.

इथे माझ्या हातून जे झालं ते आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या होत्या की कस्टमच्या माणसाला सांगून ठेवते, तू ये आणि मोज. एवढंच. पण परवानगीशिवाय सरकारी गोदामातल्या बंदुकीच्या भोकात काही घालायचं ही कल्पना मला सोसेना. मी रजा घेऊन शिकागोत बंदुकांच्या सरकारी खात्याच्या कचेरीत गेलो. अर्ज तीन प्रतींत, वर विषय, खाली संदर्भ, शेवटी 'आपला विश्वासू'. सोबत पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ते बंदूकधारकाचं कार्ड आणि माझ्या पदवीच्या सत्यप्रती. खिडकीतल्या बाईने सगळं शांतपणे वाचलं. रायफल विकत घ्यायची आहे का? नाही. आयात करायची आहे का? नाही. विकायची? नाही. मग? मी म्हटलं, भोकात एक दांडी घालून बघायची आहे. तिने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी एका साहेबाला. तिघांनी जाडजाड पुस्तकं चाळली आणि सांगितलं की भोकात दांडी घालण्यावर कायदा काही म्हणत नाही. मी म्हटलं, छान, मग हरकत नाही असं लेखी द्या. खिडकीतली बाई म्हणाली, हरकत कुणाचीच नाही, त्यामुळे हरकत नसल्याचा फॉर्म नाही. मी म्हटलं, तेच लिहून द्या. तोपर्यंत माझ्यावर कुणाला संशय नव्हता. त्यानंतर आला. ज्या माणसाला कसलीच परवानगी लागत नाही तो ती इतक्या कळकळीने का मागतो आहे, हे त्यांना उमगेना, आणि त्यांनी मला आत नेऊन दोन तास माझं गाव, आईचं माहेर, तुमचं नाव, तुमचा हुद्दा असं सगळं विचारलं. शेवटी अर्ध्या पानाचं पत्र मिळालं, की अमुक कामाला परवानगी लागत असल्याचं या कचेरीला माहीत नाही. त्यावर शिक्का नव्हता. शिक्क्याशिवाय तुम्हाला तो कागद कागद वाटणार नाही म्हणून मी पुन्हा खिडकीशी गेलो. त्या बाईने बिचारीने इकडेतिकडे बघून आलेल्या टपालावर मारायचा तारखेचा शिक्का होता तो मारून दिला.

अठरा ऑक्टोबरला गोदामात गेलो. तुमचं गेज रुमालात गुंडाळून आतल्या खिशात. (ते माझ्या इथल्या मित्राच्या, गिरीशच्या आई सरलाकाकूंबरोबर आलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने भाजणीत हात घालून ते बाहेर काढलं तेव्हा काकूंनी ते लहान पुऱ्यांचं लाटणं आहे असं हातवारे करून सांगितलं. कारखान्याच्या दप्तरी तेवीस वर्षं हरवलेली वस्तू अमेरिकेच्या दप्तरी लाटणं म्हणून दाखल झाली.) गोदामात जमिनीवर पिवळा पट्टा आखलेला होता. गोदामवाला म्हणाला की पट्ट्याच्या आतला माल अजून अमेरिकेत आलेला नाही, कायद्याने तो बाहेरच आहे. मी विचारलं, मी आत पाऊल टाकलं तर मी कुठे? तो म्हणाला, तुम्ही अमेरिकेत, माल नाही. मी विचारलं, मग गेज? ते विमानतळावरून रीतसर आत आलं आहे, म्हणजे अमेरिकेत आहे, आणि भोक अमेरिकेत नाही, तर गेज भोकात घातल्यावर निर्यात होते का? कस्टमचा तरुण अधिकारी घड्याळाकडे बघून म्हणाला की सर, प्लीज, लवकर आटपा.

रायफली कापण्यासाठी आधीच सुट्या करून ठेवल्या होत्या. चार बॉड्या एका फळीवर ओळीने. चारींवर सत्तेचाळीसचा ठसा, किंचित उजवीकडे कललेला, तुमच्या सहीसारखा. पहिल्यांदा गेज भोकाच्या शेजारीच आपटलं. मग पुन्हा लावलं. मामा, गेज आत गेलं. अलगद गेलं. लाल टोक, जे जायचं नसतं, ते गेलं नाही. दुसरी बॉडी, तिसरी, चौथी, तेच. मला त्या परक्या गोदामात रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तो अधिकारी गोंधळला, पण त्याने कागदावर चारही नंबर आपल्या हाताने लिहून सही केली, आणि मला प्यायला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी बॉड्या कापल्या गेल्या. आणि काल मिसेस कोवाल्स्कींनी त्यांतल्या एका रायफलीचे सुटे भाग, बॉडीच्या तीन तुकड्यांसकट, मला भेट म्हणून पार्सलने पाठवले होते ते पोचले. खोका उघडला तेव्हा पद्मजाने महाराष्ट्र मंडळाच्या बायकांसाठी टेबलावर नवं टेबलक्लॉथ घातलेलं होतं. सगळे भाग ग्रीसमध्ये बुडवलेले. तिने विचारलं, यातली बंदूक कुठली? मी म्हटलं, कायद्याने यात बंदूक नाही. ती म्हणाली, मग माझ्या टेबलावर काय आहे? मी म्हटलं, लोखंडाचा ढीग, आणि तेव्हापासून अबोला आहे.

असो. कागद सोबत जोडला आहे. अर्जाला लावून दिल्लीला पाठवावा. मामीला नमस्कार. डोळ्याचं मनावर घ्या.

तुमचा भाचा,
नरेंद्र

ता. क. सरलाकाकू जानेवारीत परत येतील तेव्हा गेज त्यांच्याबरोबर पाठवतो. काय सांगायचं ते त्यांना आता पाठ आहे.

ता. क. दुसरा. दिल्लीचं पाकीट अजून बंद करू नका. शुक्रवारी मी गेज ऑफिसात आमच्या मापनाच्या खोलीत नेलं होतं. हेतू चांगला होता. कागदाला अमेरिकन यंत्राचा आकडा जोडला तर दिल्लीवाल्यांवर छाप पडेल असं वाटलं. मामा, त्या गेजचं आत जायचं टोक त्यावर कोरलेल्या मापापेक्षा बारीक आहे. सव्वा थाउने, म्हणजे इंचाच्या सव्वा हजारांशाने बारीक. आम्ही तिघांनी मिळून सहा वेळा मोजलं. बारीक झालेलं गेज घट्ट भोकातही अलगद जातं. गोदामात मी जे बघितलं ते खरं होतं आणि त्याने सिद्ध काहीच झालं नाही, आणि आता दुसऱ्या गेजने तपासायला त्या बॉड्या उरल्या नाहीत. तुम्ही बघितलं होतंत, गेज आत गेलं होतं, आणि भोक घट्ट होतं. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मला दोन दिवस समजतच नव्हतं. हे तुम्हाला न लिहिता नुसता कागद पाठवून द्यावा असं मनात आलं होतं. वरचं पत्र त्याच बेताने लिहिलं.

ता. क. तिसरा. कडक पोलादाचं गेज दोन-तीन वर्षांच्या वापराने एवढं झिजत नाही, आणि झिजलंच तर लाल टोक जसंच्या तसं कसं राहिलं, हे मला कळेना. आज सकाळी पार्सलमधल्या भागांवरचं ग्रीस काढून मी एक तुकडा पॉलिश पेपरने घासायला लागलो आणि हात थांबला. लहानपणी मी तुमच्याकडे राहायचो तेव्हा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये खंडेनवमीला तुम्ही गेज जेवणाच्या डब्यातून घरी आणायचात. पाटावर तुमची पट्टी, मामीची विळी, माझा कंपास आणि मधोमध गेज. पूजेआधी ते चकचकीत करायचं काम माझ्याकडे असायचं. लाल टोकाचा रंग निघेल म्हणून तिकडे हात लावायचा नाही, दुसरं टोक मात्र तुमच्या खणातल्या पॉलिश पेपरने. पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, आरशासारखं केलंस. म्हणून दुसऱ्या वर्षी मी दुप्पट घासलं, आणि तिसऱ्या वर्षी सबंध दुपारभर. पुढच्या दसऱ्याला चौकशी आली. (गेज सहा महिन्यांनी टूलरूममध्ये तपासायला जायला हवं होतं हे मला आता कळतं. ते का गेलं नाही हे मी तुम्हाला विचारणार नाही.) तेवीस वर्षं तुम्ही सांगत आलात की तुमच्या हातून चूक झाली नाही. ती झालीच नव्हती, मामा. घासणारा हात माझा होता. दिल्लीच्या अर्जात हे लिहा आणि अर्ज इकडे पाठवा. त्याच्यावर सही मी करतो.